१:२० म्हणजे वीस मुलांचा वर्ग नव्हे

तुम्ही लिहिलंय की शाळेच्या माहितीपत्रकात शिक्षक-विद्यार्थी प्रमाण '१:२०' छापलंय, पण पहिलीच्या वर्गात मुलं ४०, एक बाई आणि एक मदतनीस ताई. एवढ्यासाठी जास्त फी भरावी का?

लहान वर्ग बरा की मोठ्या वर्गात मदतनीस, नेमकी हीच तुलना अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात करून झाली आहे. १९८५ ते १९८९ या काळात 'स्टार' नावाच्या प्रयोगात ११ हजारांवर मुलं होती, बालवर्ग ते तिसरीची. तीन प्रकारचे वर्ग केले: १३ ते १७ मुलांचे, २२ ते २५ मुलांचे, आणि तेवढ्याच मोठ्या पटाचे पण पूर्णवेळ मदतनीस असलेले. कोणतं मूल आणि कोणत्या बाई कुठल्या वर्गात, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं, त्यामुळे हुशार मुलं एकीकडे असा आक्षेप उरत नाही. लहान वर्गातली मुलं वाचनात आणि गणितात पुढे गेली, त्यातही कृष्णवर्णीय आणि गरीब घरची जास्त. मदतनीस असलेल्या वर्गांत मात्र फरक जवळपास नाहीच. तुमच्या १:२० चं उत्तर इथेच आहे.

मी स्वतः पहिलीला ५२ मुलं शिकवली आहेत. ३५ मिनिटांची तासिका, त्यातली आठ हजेरीत आणि 'बाई, ह्याने ढकललं' यात जायची. उरलेल्यात प्रत्येकाच्या वाट्याला अर्धं मिनिट. अर्ध्या मिनिटात कोण अडखळतंय हे कळतं, का अडखळतंय ते नाही.

तरी नुसत्या आकड्यावरही भुलू नका. कॅलिफोर्नियाने १९९६ पासून वर्ग तिसाच्या आसपासवरून वीसवर आणले. घाईत अननुभवी, पात्रता नसलेले शिक्षक घ्यावे लागले आणि फायदा पातळ झाला. आपल्याकडचं उदाहरण तर बोलकं आहे. मुंबई आणि वडोदऱ्यात 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेच्या बालसखी, म्हणजे मदतनीस ताई, मागे पडलेल्या १५-२० मुलांना रोज दोनेक तास वेगळं बसवून शिकवायच्या. ती मुलं सुधारली. पण तेवढा वेळ वर्गात पट कमी झाला, त्याचा मागे राहिलेल्यांना काही फायदा दिसला नाही. बहुधा तिथे शिकवणं पूर्वीसारखंच चालू राहिलं.

म्हणून शाळेत जाऊन एवढंच विचारा: ताई रोज दहा-पंधरा मुलांना वेगळं घेऊन वाचून घेतात का, की वह्या वाटतात आणि डब्यांची झाकणं उघडून देतात? दुसरं असेल तर मी जादा फी भरणार नाही.