नर्सची स्वतःची देवावर श्रद्धा नसेल तर ती रुग्णाला आध्यात्मिक आधार देऊ शकते का?

देते की! मी देव मानत नाही आणि कॅन्सर वॉर्डात वर्षानुवर्षं हेच करतेय. "जिच्यात श्रद्धा नाही ती दुसऱ्याला काय देणार" हे तुम्ही कळवलेलं, तुमच्या नर्सिंग कॉलेजच्या ट्यूटरबाईंचं वाक्य मी एका इन्चार्ज सिस्टरकडून अख्ख्या वॉर्डासमोर ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

आमच्याकडे एक माळकरी आजोबा होते. डायबेटिस, वर केमो. मानेत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत जाणारी औषधाची नळी) टाकायची म्हणून तुळशीची माळ कापायला कुणीतरी कात्री आणली. आजोबांनी माळ मुठीत धरली ती सोडेनात. इन्चार्जबाई शेजारी उभ्या राहून "देवावर भार टाका" सांगतायत! मी आजोबांनाच गाठ सोडायला लावली, ड्रिप नसलेल्या मनगटाला माळेचे वेढे दिले, वर गॉज आणि मायक्रोपोरची चिकटपट्टी. मग लाइन निमूट टाकून घेतली.

खरी कसोटी एकादशीला. "उद्या आजोबांचा उपास" हे हँडओव्हरमध्ये, म्हणजे ड्यूटी बदलताना दिलेल्या माहितीत, आलं नाही, तर सकाळची सिस्टर नेहमीचं इन्सुलिन देऊन मोकळी, आणि दुपारच्या आत घाम फुटून साखर खाली. म्हणून ड्यूटी टेबलाशी कालनिर्णय टांगलं. आदल्या दिवशीच डॉक्टरांकडून डोस बदलून घ्यायचा. माझ्या लेखी हीच आध्यात्मिक सेवा. इन्चार्जबाई मात्र न विचारता प्रत्येकाच्या उशाशी अंगारा ठेवायच्या, पलीकडच्या कॉटवरच्या चाचींच्यासुद्धा. पांढऱ्या पेशी घसरून संसर्गाचा धोका असलेल्या पेशंटजवळ राख!

नर्सिंगच्या तज्ज्ञ व्हर्जिनिया हेंडरसन यांनी सांगितलेल्या रुग्णाच्या १४ गरजा तुम्ही पाठ केल्या असतीलच. आपल्या धर्माप्रमाणे उपासना करता येणं ही त्यात रुग्णाची गरज आहे, सिस्टरची नव्हे.

श्रद्धाळू सिस्टर वाईट असं मात्र मी म्हणत नाही. १९६७ साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (अखेरच्या आजारातल्या रुग्णांचं सेवाकेंद्र) उघडणाऱ्या सिसिली सॉन्डर्स मूळच्या नर्स आणि पक्क्या ख्रिश्चन, तरी तिथे कुठल्याही धर्माचा किंवा धर्म न मानणारा पेशंट चालायचा. माझ्या केरळच्या मैत्रिणीही मनातल्या मनात प्रार्थना करून ड्यूटीला लागतात; पेशंटने म्हटलं तरच त्याच्यासोबत.

रुग्णाच्या श्रद्धेची नोंद कशी करायची म्हणाल, तर ते तुमच्या हॉस्पिटलच्या फॉर्मवर आहे. आम्ही 'धर्म' या रकान्यावर थांबत नाही. उपास कोणते, अंगावरचं काय काढायचं नाही, हेही लिहितो. आणि ट्यूटरबाईंना एक विचारा: पेशंटच नास्तिक निघाला तर काय करता? आमच्या इन्चार्जबाई यावर राउंडला निघून गेल्या होत्या.