पाश्चात्य शास्त्रीय संगीताच्या ग्रुपवर नवीन आहात ना, मग आधी एवढंच बघा

रेकॉर्डिंग शेअर करताना नुसतं "बीथोव्हेनची पाचवी, जबरदस्त!" असं टाकू नका, कंडक्टर (वाद्यवृंदाचं संचालन करणारा), ऑर्केस्ट्रा आणि साल लिहा, कारण या पाचव्या सिम्फनीची रेकॉर्डिंग्ज ढिगानं आहेत, तुम्ही कुठलं ऐकलंत तेच कळलं नाही तर बोलणार काय? आणि एकच रचना दोन वेगवेगळ्या रेकॉर्डिंग्जमध्ये ऐकायची सवय लावा. पियानोवादक ग्लेन गूल्डनं बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स (एका धूनेची वेगवेगळी रूपं) १९५५ ला रेकॉर्ड केली आणि परत १९८१ ला, पहिली साधारण ३८ मिनिटं, दुसरी ५१! ऐकाच.

नेहमीच्या चुका:
- "सगळ्यात बेस्ट कुठलं?" विचारणं (भांडणं लागतात नुसती)
- जुनं मोनो (एकाच चॅनेलचं) रेकॉर्डिंग, खरखर ऐकू आली की लगेच बंद
- "आवडलं" म्हणून थांबणं, कितव्या मिनिटाला आवडलं ते सांगा की

हेडफोन, फॉरमॅट वगैरे नंतर बघू.