डिआकोनीत सेवेचं एक वर्ष: ड्यूटीचा तक्ता, उपासना आणि सहभागिता

ताई, सलाम. तुम्ही लिहिलंय की मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघात काम करता, जर्मन भाषेची ए2 परीक्षा झाली आहे आणि जर्मनीत डिआकोनीच्या, म्हणजे तिथल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या समाजसेवा संस्थेच्या, वृद्धाश्रमात वर्षभर सेवेला जायचं मनात आहे. रविवारी उपासनेला जाता येईल का, विश्वासी लोकांची सहभागिता मिळेल का आणि हातात येणाऱ्या पैशांत भागेल का, हे तुमचे प्रश्न. पैशांचं आधी सांगतो: भागतं, साठत नाही. बाकी दोन्हींचं उत्तर ड्यूटीच्या तक्त्यात दडलेलं आहे, त्यामुळे तिथे जरा सविस्तर लिहितो.

ही मिशनरी सेवा नाही, हे पहिल्यांदा लक्षात घ्या. 1954 मध्ये बव्हेरियातल्या नॉयेनडेटेल्साउ इथल्या सेवाभगिनींच्या संस्थेचे प्रमुख हेरमान डिट्झफेल्बिंगर यांनी तरुण मुलींना एक वर्ष सेवेला देण्याचं आवाहन केलं. तिथून ही प्रथा वाढली आणि 1964 मध्ये तिचा कायदा झाला. त्यालाच आज एफएसजे, म्हणजे स्वेच्छेचं सामाजिक वर्ष, म्हणतात. 2011 पासून त्याच्या जोडीला बीएफडी, म्हणजे केंद्र सरकारची स्वयंसेवा योजना, आहे. एफएसजे वयाची 27 वर्षं पूर्ण होण्याआधी करायचं असतं, बीएफडीला वरची वयोमर्यादा नाही. दोन्हींत करार असतो, विमा असतो, आणि 27 वर्षांखालच्यांना वर्षाला किमान 25 दिवसांचे सेमिनार सक्तीचे असतात. आजी-आजोबांना सुवार्ता सांगायला तुम्हाला कोणी बोलावलेलं नाही. जेवण भरवणं, फिरायला नेणं, बिछाना आवरणं, वाचून दाखवणं, हे काम. औषधं देणं, इंजेक्शन देणं तुमच्याकडे येता कामा नये. माणसं कमी पडली की सिस्टर हळूच ढकलतात, तेव्हा नम्रपणे नाही म्हणा.

हातखर्चाला कायद्याने कमाल मर्यादा आहे. 2025 मध्ये ती महिना 644 युरो होती, प्रत्यक्षात बऱ्याच संस्था त्याहून कमी देतात. राहणं आणि जेवण एकतर प्रत्यक्ष मिळतं, नाहीतर त्याचे पैसे मिळतात. करारात हे तीन आकडे वेगवेगळे लिहिलेले आहेत का ते बघा. सगळी रक्कम एकत्र दाखवून नंतर त्यातूनच खोलीचं भाडं कापलं जातं आणि लोक गडबडतात. आरोग्यविमा आणि निवृत्तीविम्याचा पूर्ण हप्ता संस्था भरते, तुमच्याकडून काही कापायचं नसतं. देशभर लोकल गाड्या आणि बसना चालणारा मासिक पास 2026 पासून 63 युरोंना आहे. त्यात संस्था काही वाटा उचलते का, हे मुलाखतीतच विचारा. आणि जागा मिळवून देतो म्हणून लाखात पैसे मागणारा एजंट भेटला तर तिथूनच परत फिरा. डिआकोनीच्या प्रादेशिक संस्थांकडे थेट अर्ज करता येतो.

बहुतेकांचं वर्ष ऑगस्ट किंवा सप्टेंबरमध्ये सुरू होतं, म्हणून अर्ज आदल्या हिवाळ्यातच करायला हवा. ए2वर थांबू नका. पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात बी1, म्हणजे पुढची पातळी, करून घ्या. व्हिसाला ए2 चालेल की नाही हा मुद्दा वेगळा, पण कानाला कमी ऐकू येणाऱ्या आजीची बोलीभाषा ए2वर कळत नाही. राष्ट्रीय व्हिसाचं शुल्क 75 युरो, महाराष्ट्रातल्यांसाठी मुंबईचा वाणिज्य दूतावास. पोलीस पडताळणीचा दाखला पासपोर्ट कार्यालयातून काढा. संस्था तुम्हाला रुग्णालयात किंवा बालवाडीत पाठवणार असेल तर गोवरच्या दोन डोसांचा पुरावा लागतो, कारण मार्च 2020 पासून तसा कायदा आहे. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड सापडत नसेल तर रक्ततपासणीने प्रतिकारशक्ती सिद्ध करता येते. ते भारतातच करून या.

पोचल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी. त्यासाठी घरमालकाची सही असलेला राहण्याचा दाखला लागतो, तो संस्थेच्या ऑफिसातून पहिल्याच दिवशी मागा. टपालपेटीवर आपलं नाव पासपोर्टवर आहे तसंच चिकटवा. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो, आणि करक्रमांक, विम्याचं कार्ड, बँकेचा पिन सगळं टपालानेच येतं.

नोंदणीच्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. तिथे ‘एव्हांगेलिश’, म्हणजे प्रोटेस्टंट, लिहिलंत की बहुधा तुम्ही तिथल्या प्रांतिक मंडळीच्या सभासद धरल्या जाता. हातखर्चावर आयकर नाही, त्यामुळे मंडळीचा करही शून्य. पुढे पगारी नोकरी लागली की आयकराच्या 9 टक्के, बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये 8 टक्के आपोआप कापले जातात. स्वतंत्र मंडळ्या, म्हणजे बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, पेन्टेकॉस्टल वगैरे, हा कर घेत नाहीत. त्या दशांशावर आणि अर्पणांवर चालतात. कर वाचवायला श्रद्धा लपवू नका, एवढंच माझं मत.

आता तक्ता. सकाळची ड्यूटी साधारण 6 किंवा साडेसहाला सुरू होऊन दुपारी 2 च्या सुमारास संपते, दुपारची दीडला सुरू होऊन रात्री 9 ला. एक सोडून एक रविवार काम, असं बहुतेक ठिकाणी असतं. उपासना साडेनऊला किंवा दहाला. म्हणजे सकाळच्या ड्यूटीत उपासना गेलीच, दुपारच्या ड्यूटीत मात्र आरामात मिळते. वॉर्डात इच्छेच्या सुट्ट्या लिहायची वही असते. पुढच्या महिन्याचा तक्ता लागण्याआधी तिथे नुसतं ‘रविवार सुट्टी’ लिहू नका, कारण ते सगळेच लिहितात. ‘कामाच्या रविवारी दुपारची ड्यूटी चालेल’ असं लिहा. ती ड्यूटी कोणालाच नको असते, तुम्हाला लगेच मिळेल.

पण एक मेख आहे. दोन ड्यूट्यांमध्ये कायद्याने 11 तासांची विश्रांती हवी. आजारी-वृद्धांच्या संस्थांना फार तर 10 तासांपर्यंत सूट आहे, तीही नंतर भरून द्यावी लागते. रविवारी रात्री 9 ला सुटलात तर सोमवारी सकाळी 6 ला लावता येत नाही, सोमवार पुन्हा दुपारचाच येतो. म्हणून घरोघरी भरणारा बायबल अभ्यासाचा गट, ज्याला इथे हाउसक्राइस म्हणतात, तो सोमवारचा निवडू नका. हे गट संध्याकाळी साडेसात-आठला बसतात आणि दुपारच्या ड्यूटीत चुकतात. बुधवार-गुरुवारचा गट धरा आणि त्या दिवशी सकाळची ड्यूटी मागून घ्या. खरी सहभागिता तिथेच आहे. सहा-आठ माणसं, चहा, एक उतारा, मग एकमेकांसाठी प्रार्थना. तीन वेळा न सांगता गैरहजर राहिलात तर कोणी फोन करून बोलावणार नाही. येत नसाल तर आदल्या दिवशी कळवा, हा इथला शिष्टाचार.

रविवारच्या उपासनेचा पहिला अनुभव थंडच असतो. मोठं देऊळ, विखुरलेली वीस-तीस पांढऱ्या केसांची माणसं, भिंतीवरच्या फळीवर गीतांचे क्रमांक, ऑर्गन. गीतपुस्तक दारात घ्यायचं आणि जाताना ठेवायचं, दाराशी अर्पणाची पेटी असते. टाळ्या नाहीत, साक्षी नाहीत. प्रभुभोजन दर रविवारी नसतं, द्राक्षारसाऐवजी द्राक्षाचा साधा रस असेल तर पत्रकात तसं लिहिलेलं असतं. उपासना संपल्यावर कॉफी असेल तर थांबा. त्या पंधरा मिनिटांत जेवढी ओळख होते तेवढी वर्षभर बाकावर बसून होत नाही. आणि गाता येत असेल तर गायनमंडळात जा. सरावाला आठवड्यातला ठरलेला वार असतो आणि परक्या माणसाला न विचारता सामावून घेणारी इथली तीच एक जागा. पितळी वाद्यांच्या मंडळात तर बऱ्याचदा वाद्यही उसनं देतात आणि शिकवतात. पेटी-तबल्यावर वाढलेल्याला ट्रम्पेट जड जातं, पण प्रयत्न करायला हरकत नाही.

वृद्धाश्रमातही आठवड्यातून एकदा छोटी प्रार्थना असते. त्यासाठी माणसं खाली आणणं तुमच्याकडे येईल. चाकाच्या खुर्चीचा ब्रेक लावून मगच पायठेवणी उघडा. श्रवणयंत्राची बॅटरी आधी तपासा, नाहीतर पाळकाचं काहीच ऐकू येत नाही. ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरांच्या पुस्तकातलं पान आधीच उघडून ठेवा. स्मृतिभ्रंश झालेली, नाव विसरलेली बाई प्रभूची प्रार्थना मात्र बऱ्याचदा शेवटपर्यंत म्हणते. मध्ये बोलू नका, फक्त तिच्या वेगाने म्हणा. कोणी गेलं की काही ठिकाणी खोलीत मेणबत्ती लावून, स्तोत्र वाचून निरोप देतात. थांबायचं की नाही हे तुमच्यावर आहे, आणि नाही म्हटलं तर कोणी मनाला लावून घेत नाही.

सणांचं आधी ठरवा. 24 डिसेंबरची संध्याकाळ हा इथला खरा नाताळ, आणि सुट्टीसाठी सर्वांची झुंबड. नाताळ किंवा नववर्ष, दोन्हींपैकी एक मिळेल असं धरून चाला. उत्तम शुक्रवारी दुकानं बंद असतात, खरेदी गुरुवारीच करा. मराठी ऑनलाइन प्रार्थनासभेला उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक पडतो, हिवाळ्यात साडेचारचा. तिकडच्या रात्री 8 च्या सभेला इथे दुपारचे साडेचार किंवा साडेतीन वाजलेले असतात, म्हणजे सकाळच्या ड्यूटीनंतर सहज जमते. पण पहिले तीन महिने रोज तिलाच चिकटलात तर इथली भाषा आणि इथली माणसं दोन्ही मागे राहतात.

वॉर्डात जमलं नाही तर मनात ठेवू नका, सेमिनार घेणाऱ्या बाईंना किंवा सरांना सांगा. जागा बदलून मिळू शकते. मात्र राहण्याचा परवाना त्या सेवेशी बांधलेला असतो, त्यामुळे बदलाआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवल्याशिवाय करारावर सही करू नका. नंतर नर्सिंगचं तीन वर्षांचं प्रशिक्षण घ्यायचं असेल तर सेवेच्या मध्यावरच अर्ज टाका. बऱ्याच शाळा बी2 मागतात, आणि नवा करार हातात घेऊन परवान्याचा अर्ज जुन्याची मुदत संपण्याआधी द्यावा लागतो.