कर्नाटकातल्या आमच्या मराठी शाळेची तपासणी दरवर्षी होते, तरी मुलांचं वाचन कच्चंच. एसडीएमसीने (पालकांच्या शाळा विकास व देखरेख समितीने) काय करावं?

तपासणीत बहुतेक वेळ दप्तर बघण्यात जातो: हजेरीपट, पाठटाचण, माध्यान्ह आहाराची नोंद. हे सगळं चोख असूनही चौथीचं पोर अडखळत वाचतं. म्हणून सीआरपी (शाळांच्या समूहाचे साधन व्यक्ती) किंवा बीईओ (गटशिक्षणाधिकारी) आले की वाचनाची चाचणी समोर घ्यायला सांगा. हजेरीपटातला दर पाचवा मुलगा किंवा मुलगी निवडा (निवड शिक्षकांवर सोडली तर हुशार मुलंच पुढे येतात) आणि पुस्तकाबाहेरचा उतारा द्या. निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणित मोहिमेचं उद्दिष्ट तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून. वेगासोबत दोन प्रश्न विचारा, नाहीतर नुसता पाठ केलेला सूर मोजला जाईल.

आपल्याकडे एक वेगळी अडचण. तपासणाऱ्याला मराठी वाचता येत नसेल तर वह्यांवर फक्त सही होते. अशा वेळी मराठी जाणणारा सीआरपी सोबत द्यावा, असा अर्ज आधीच बीईओ कार्यालयात द्या आणि पोच घ्या.

शिक्षकसंख्याही बघा. शिक्षण हक्क कायदा (आरटीई) २००९ प्रमाणे पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. पदच रिकामं असेल तर शेरे मारून काय होणार?

शेऱ्यांची प्रत मागा, ती पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात उतरवा आणि तीन महिन्यांनी त्याच मुलांची तीच चाचणी नव्या उताऱ्यावर घ्या. निकाल शिक्षकाला झोडपायला वापरलात, तर पुढच्या वेळी आकडे फुगलेले मिळतील.