फेरफार नोंदीसाठी तलाठी पैसे मागतोय, तक्रार केली तर आपणच अडकू का?

नाही, पण पैसे देण्याआधी तक्रार करा. 2018 च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाराही दोषी ठरतो. नाइलाजाने दिली असेल, तर सात दिवसांच्या आत कळवल्यास संरक्षण मिळतं. ही मुदत अनेकांना माहीतच नसते, याचं फार वाईट वाटतं.

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला 1064 वर फोन करा. ते थेट धाड घालत नाहीत. आधी पंचांसमोर मागणीची पडताळणी होते, संभाषण रेकॉर्ड केलं जातं, कारण मागणी सिद्ध झाली नाही तर नुसत्या नोटा सापडून खटला टिकत नाही. मग तुम्ही त्याला द्यायच्या नोटांना अँथ्रासीन पावडर लावतात. अतिनील प्रकाशात ती घेणाऱ्याच्या हातावर चमकते. मागणी सिद्ध व्हायला हवी, त्यामुळे स्वतःहून रकमेचा विषय काढू नका, त्यालाच बोलू द्या. गुन्हा सिद्ध झाला तर शिक्षा 3 ते 7 वर्षं.

आणि अर्जाची पोच आजच घ्या. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे, ती उलटली की अपील करता येतं. पोच नसेल तर अर्ज दिला होता हेच सिद्ध करताना दमछाक होते. सातबारा तुमचा आहे, घाबरू नका.