पाठ दुखते, मग समुपदेशकाकडे का पाठवले?

मान किंवा कंबर दुखत असताना डॉक्टरांनी समुपदेशनाचा सल्ला दिला की बहुतेकांना तो अपमान वाटतो. ‘म्हणजे माझे दुखणे खोटे आहे का?’ हा प्रश्न माझ्याकडे येणारे निम्मेअधिक लोक पहिल्याच भेटीत विचारतात. पतसंस्थेत लेखापाल असलेल्या पंचेचाळिशीपुढच्या एका ताईंनीही तो विचारला होता. (ओळख पटू नये म्हणून त्यांचे काही तपशील बदलले आहेत.) त्यांच्या पिशवीत एमआरआयचा अहवाल होता, कमरेला पट्टा होता आणि ‘मणक्यात गॅप पडला आहे, आता वाकलात तर कायमचे अंथरूण धराल,’ हे कुणा नातेवाइकाचे वाक्य मनात घट्ट बसले होते.

दुखणे खरे आहे, हे मी त्यांना आधी स्पष्ट सांगितले. त्यानंतर अस्थिरोगतज्ज्ञांनी काय तपासले, याची खातरजमा केली. कारण पायातली ताकद कमी होत जाणे, जांघेजवळचा भाग बधिर होणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ताप, अकारण वजन घटणे किंवा पडल्या-आपटल्यानंतर सुरू झालेली तीव्र वेदना यांपैकी काहीही असेल, तर ते काम समुपदेशकाचे नसते आणि तिथे एक दिवसही दवडू नये. ताईंच्या बाबतीत यातले काही नव्हते. अहवालात दोन मणक्यांमधल्या गादीसारख्या चकतीची झीज आणि थोडा फुगवटा एवढेच लिहिले होते. मुळीच पाठ न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार पन्नाशीच्या अशा लोकांपैकी सुमारे ८० टक्क्यांमध्ये चकतीची झीज आणि सुमारे ६० टक्क्यांमध्ये फुगवटा आढळतो. हे आकडे ऐकून ताई बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “मग दुखते कशाने?”

उत्तर एका वाक्यात मावणारे नव्हते. मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी वेदनेविषयी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतापासून एक गोष्ट मान्य होत गेली आहे, ती अशी की शरीरातून निघालेला इशारा मेंदूपर्यंत जसाच्या तसा पोहोचत नाही. वाटेतच तो कमी-जास्त होतो, आणि भीती, अपुरी झोप व सततची काळजी यांमुळे तो वाढू शकतो. दुखणे तीन महिन्यांहून अधिक टिकले, की भरून आलेल्या जखमेवरची कातडी नुसत्या स्पर्शानेही हुळहुळावी, तशी मज्जासंस्था साध्या हालचालीलाही धोका समजू लागते. ताईंचे दुखणे मार्चअखेरच्या हिशेबांत सुरू झाले होते. त्याच महिन्यात सासरे आजारी पडले होते, रात्रीची झोप तुटत होती आणि संगणकासमोर तासन्‌तास खांदे आवळून बसणे चालू होते. त्यात नातेवाइकाच्या त्या वाक्याची भर पडली आणि त्यांनी वाकणे, मांडी घालून बसणे, खालच्या फळीवरचे डबे काढणे, सगळेच सोडून दिले. न वापरलेले स्नायू अशक्त झाले, थोड्या श्रमाने दुखू लागले आणि भीती खरी ठरल्यासारखी वाटली.

खरी अडचण मात्र बऱ्या दिवसांची होती. दुखणे कमी असले की त्या साचलेली सगळी कामे एकाच दिवसात उरकत आणि पुढचे दोन दिवस पडून राहत. म्हणून आम्ही ठरवले, की चालणे दहा मिनिटेच. दिवस बरा असो वा वाईट, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही. दर आठवड्याला त्यात थोडी भर घालायची. ज्या हालचालींची भीती वाटते त्यांची सर्वांत सोप्यापासून अवघडपर्यंत यादी केली आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली एकेक हालचाल परत आणली. कामावर दर अर्ध्या तासाने उठायचे ठरले, कारण आदर्श बैठकीच्या शोधात जखडून बसण्यापेक्षा बैठक बदलत राहणे मान-पाठीला अधिक मानवते.

एका भेटीला यजमानांनाही बोलावले. ते प्रेमापोटी ‘तू वाकू नकोस’ असे दिवसातून अनेकदा म्हणत आणि बादलीही उचलू देत नसत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनानुसार दीर्घकालीन कंबरदुखीत पट्ट्याचा नित्य वापर करू नये आणि व्यायामाबरोबर मानसशास्त्रीय उपचारांनाही स्थान आहे, हे ऐकून ते थोडे खट्टू झाले, कारण पट्टा त्यांनीच आणला होता. अशा घरांत रुग्णापेक्षा काळजी करणाऱ्याची समजूत घालायला मला जास्त वेळ लागतो.

काही महिन्यांत ताई खाली बसून भाजी निवडू लागल्या. दुखणे पूर्ण गेले नाही आणि तसे आश्वासन मी दिलेही नव्हते. पुढच्या मार्चमध्ये पाठ पुन्हा धरली, तेव्हा त्यांनी चालणे निम्म्यावर आणले, पण बंद केले नाही. सुटी घेतली नाही, आणि नवा एमआरआय करावा का, हे डॉक्टरांना फोन करून विचारले. डॉक्टरांनी नको म्हटल्यावर त्या कामावर गेल्या.