७८ हजारांची ऑफर, आणि पब्लिक की प्रायव्हेट?

मंदार, तुझी परिस्थिती मला कळली ती अशी: श्टुटगार्टजवळच्या कंपनीची वर्षाला ७८,००० युरोंची ऑफर, वय ३४, बायको आणि पाच वर्षांची मुलगी तीन-चार महिन्यांनी मागून येणार. एचआरची मेल आलीय की तुमची क्रांकेनकासे, म्हणजे आरोग्य विम्याची संस्था, कळवा. आणि कुणा एजंटने फोनवर सांगितलंय की तुमच्या पगाराला प्रायव्हेट विमा स्वस्तात बसतो, सोयीही जास्त. शिवाय आईबाबांचं काय करायचं, हा प्रश्न आहेच. एजंटपासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या गोष्टी नंतर निस्तरता येतात, हा निर्णय सहज फिरवता येत नाही.

जर्मनीत नोकरदाराला विमा सक्तीचा आहे. ही पद्धत बिस्मार्कच्या काळातली, १८८३ सालची. ठरावीक मर्यादेपर्यंत पगार असला की पब्लिक विमाच घ्यावा लागतो, मर्यादेच्या वर गेलास की पब्लिक किंवा प्रायव्हेट निवडता येतो. २०२६ साठी ही मर्यादा वर्षाला ७७,४०० युरो आहे. म्हणजे तू जेमतेम ६०० युरोंनी वर आहेस. आता करारपत्र काढ आणि बघ, त्या ७८ हजारांत खात्रीचा पगार किती आणि ‘कामगिरीनुसार’ मिळणारा बोनस किती. हमी नसलेला बोनस या हिशेबात धरत नाहीत. ७२ अधिक ६ असं काही असेल तर तू मर्यादेच्या खालीच आहेस आणि एजंटचा विषय तिथेच संपला.

समज, सगळा पगार पक्का आहे. तरी ही मर्यादा वाढत असते. २०२५ मध्ये ती ७३,८०० होती. पगार तेवढाच राहिला आणि मर्यादा वर सरकली, तर प्रायव्हेटवाला माणूस १ जानेवारीला आपोआप पुन्हा पब्लिकमध्ये येतो. तेव्हा एजंट एक फॉर्म पुढे करेल: तीन महिन्यांत अर्ज करा आणि या सक्तीतून सूट घ्या. ही सूट मागे घेता येत नाही. त्या कागदावर सही करण्याआधी दहा वेळा विचार कर.

आता पैसे. पब्लिकमध्ये हप्ता पगाराच्या टक्केवारीने जातो: १४.६ टक्के मूळ, त्यावर प्रत्येक कासेचा स्वतःचा जादा दर, जो यंदा सरासरी २.९ टक्के धरलाय. यातलं निम्मं कंपनी भरते. हिशेब महिन्याच्या ५,८१२.५० युरोंपर्यंतच होतो, त्यावरच्या पगारावर काही कापत नाहीत. म्हणजे तुझे साधारण ५०९ युरो, आणि दीर्घकालीन शुश्रूषेसाठीचा वेगळा विमा १.८ टक्के, म्हणजे सुमारे १०५. एकूण ६१४ च्या आसपास दर महिन्याला. मुलीचा पुणे महानगरपालिकेचा जन्मदाखला पहिल्याच आठवड्यात एचआरला दे, ती भारतात असली तरी. मूल असल्याचा पुरावा नसेल तर ०.६ टक्के जादा कापतात, आणि ते सगळे तुझ्याच खिशातून. महिन्याला जवळपास ३५ युरो होतात.

एजंट या ६१४ शेजारी तुझ्या एकट्याचा प्रायव्हेटचा आकडा ठेवतो आणि तो कमी दिसतो. पण पब्लिकच्या त्याच पैशांत इथे राहायला आलेली बायको आणि मुलगी दोघी येतात, एक सेंटही जादा न देता. अट एवढीच की बायकोचं स्वतःचं उत्पन्न महिन्याला ५६५ युरोंच्या वर नको. मिनीजॉब, म्हणजे थोड्या तासांची छोटी नोकरी, केला तर ६०३ पर्यंत चालतं. प्रायव्हेटमध्ये प्रत्येक डोक्याचा वेगळा हप्ता. शिवाय तिथे आधी तब्येतीची प्रश्नावली येते. तुझ्या बायकोला थायरॉइडचा त्रास आहे म्हणालास, म्हणजे जादा हप्ता किंवा नकारही येऊ शकतो. काही लपवलं आणि नंतर उघड झालं तर विमा कंपनी करारच मोडू शकते. पब्लिकमध्ये असं काही विचारतच नाहीत, आणि जुन्या आजाराला प्रतीक्षाकाळही नाही.

मग प्रायव्हेट कुणी घ्यायचा? एकट्याने, धडधाकट, पगार मर्यादेच्या बराच वर, आणि चार-पाच वर्षांत परत जायचं नक्की असेल तर विचार करण्यासारखा आहे. स्पेशालिस्टकडे टर्मीन, म्हणजे अपॉइंटमेंट, लवकर मिळते, हे खरंच आहे. पब्लिकवाल्याला त्वचारोगतज्ज्ञासाठी महिनेच्या महिने थांबावं लागू शकतं. पण पगार घटला, बायकोने अर्धवेळ काम धरलं, दुसरं मूल झालं, तर पब्लिकचा हप्ता त्याप्रमाणे सावरतो. प्रायव्हेटचा हप्ता तुझा पगार बघत नाही, आणि वयाबरोबर वाढतच जातो. पन्नाशी ओलांडल्यावर तो जड झाला म्हणून परतायचं म्हटलं, तर ५५ वर्षांनंतर पब्लिकचं दार जवळजवळ बंद असतं. एजंटला मात्र कमिशन पहिल्याच वर्षी मिळतं. ते इतकं फुगलं होतं की कायद्याने त्यावर मर्यादा घालावी लागली, आणि ती मर्यादासुद्धा नऊ महिन्यांच्या हप्त्यांएवढी आहे! मी पब्लिकमध्ये आहे आणि तुलाही तेच सांगेन.

एक मुदत लक्षात ठेव. पगार मर्यादेच्या वर असूनही जर्मनीत पहिल्यांदाच नोकरी धरणाऱ्याला पब्लिकमध्ये स्वेच्छेने जाता येतं, पण ते तीन महिन्यांत कळवावं लागतं. ‘आधी प्रायव्हेट घेऊन बघतो, मग ठरवतो’ असं करू नकोस.

कुठली कासे, यावर फार डोकं लावू नकोस. टेक्निकर, बार्मर, डीएके, एओके, कुठलीही घे. बहुतेक लाभ कायद्यानेच ठरलेले आहेत. जादा दर आणि इंग्रजीत बोलणारा माणूस मिळतो का, एवढं बघ. एकदा घेतली की सहसा बारा महिने बदलता येत नाही. अर्ज पुण्यातूनच ऑनलाइन कर आणि सभासदत्वाचं पत्र एचआरला पाठव. विमा नोकरीच्या पहिल्या दिवशी सुरू होतो, विमानातून उतरल्यावर नाही; मधल्या दिवसांसाठी व्हिसाला लागतो तो प्रवासी विमा घे. तो स्वस्त असतो म्हणून वर्षभर त्याच्यावर राहता येईल, असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. मागाहून सगळे हप्ते वसूल होतात.

आजारपणाची रजा आपल्याकडच्यासारखी मोजून मिळत नाही. डॉक्टरने लिहून दिलं की सहा आठवडे पूर्ण पगार कंपनीकडून, पुढे कासेकडून ढोबळ पगाराच्या ७० टक्के (निव्वळ पगाराच्या ९० टक्क्यांपेक्षा जास्त नाही), आणि तोही हप्त्यासाठी धरतात त्या मर्यादेपर्यंतच्या पगारावर. मात्र नोकरीचे पहिले चार आठवडे कंपनी बांधील नसते, तेव्हा कासे देते. आजारी पडलास तर त्याच दिवशी कंपनीला कळव. तीन दिवसांपेक्षा जास्त झालं तर डॉक्टरचा दाखला लागतो. काही कंपन्या पहिल्या दिवसापासून मागतात, करारात बघ. २०२३ पासून हा दाखला पब्लिकवाल्यांसाठी डिजिटल झालाय.

औषधाला मोठ्या माणसाला साधारण पाच ते दहा युरो भरावे लागतात, मुलांना नाही. रुग्णालयात दिवसाला दहा, वर्षात जास्तीत जास्त २८ दिवस. चष्म्याचे पैसे मोठ्यांना सहसा मिळत नाहीत, आणि दाताच्या कॅप-ब्रिजला कासे ठरावीक हिस्साच देते. तेव्हा दोन चष्मे करून आण आणि दातांची कामं पुण्यातच उरकून ये.

आता आईबाबा. त्यांना तुझ्या पब्लिक विम्यात घालता येत नाही, कितीही हप्ता भरलास तरी. भेटीला येतील तेव्हा शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवासी विमा लागेल. बाबांच्या बायपासमुळे त्यात हृदयविकार वगळलेला असण्याची शक्यता मोठी आहे, पॉलिसी वाचून घे. मार्च २०२४ नंतर कुशल कामगार म्हणून परवाना मिळालेल्यांना आईवडिलांना कायमचं बोलावता येतं, असं तू वाचलं असशील. ते खरं आहे, पण त्यांच्या आरोग्य विम्याची सोय दाखवावी लागते आणि घोडं तिथेच अडतं. पासष्टीच्या, बायपास झालेल्या माणसाला इथे परवडणारा विमा मिळणं फार अवघड.

म्हणून त्यांची सोय भारतातच हवी, आणि ती आत्ता. तुझ्या हिंजवडीच्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये दोघंही आहेत ना? तू नोकरी सोडलीस की ते कव्हर जाणार. ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो, पण तो नोकरीत असतानाच करायला हवा, आणि कंपनी तब्येत तपासून अटी घालू शकते. नवी पॉलिसी घेतलीस तर जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. तेव्हा आधी विमा कंपनीकडून लेखी उत्तर घे आणि मगच राजीनाम्याची तारीख ठरव. इथली कंपनी जॉइनिंग महिनाभर पुढे ढकलायला सहसा तयार असते, विचारून बघ.